काठीवरचं माप

सातारा,
२६ सप्टेंबर २०२४

ति. दाजींना आकारामचा नमस्कार.

आधी हिशेब, कारण तुम्ही तीन पत्रांत तीनदा विचारलंत. ही गाडी खरोखर कितीला पडली ते ऐका. शाळकरी पोरांच्या दोन सायकलींची पुढची चाकं. एका मोठ्या सायकलीचं मागचं चाक. हॉटेलातून भंगारात आलेल्या खुर्चीचा सांगाडा. तीन चेना जोडून केलेली एक लांबलचक चेन. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. सोनमचे तीन रविवार आणि तिच्या माहेरची एक वास्तुशांत, जिचं व्याज ती अजून वसूल करते आहे. आणि साखर कारखान्याच्या इंजिनिअरला सांगितलेलं एक खोटं, की आमचं वेल्डिंग मशीन जळलंय. यातलं काहीच रुपयांत मांडता येत नाही, तेव्हा तो विषय संपला.

श्रावणात झटका आला आणि तुमची डावी बाजू गेली, तेव्हा बॅटरीची गाडी घेऊन देतो म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत, "बसून न्यायला मी काय पार्सल हाय?" ठीक. पण त्याच पत्रात खाली लिहिलं होतंत, "खाटेवर पडून आढ्याचे वासे मोजतो. एकवीस हायती. उद्याबी एकवीसच असणार." ती ओळ वाचली आणि माझं जेवण गेलं.

त्याच आठवड्यात इथले एक रिटायर्ड सुभेदार त्यांची परदेशी तीनचाकी घेऊन वर्कशॉपला आले. पुढं दोन चाकं, मागं एक, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ आडवं व्हायचं. पाठ टेकलेली, पाय समोर लांब, पायडल पार पुढं नळीच्या टोकाला. तोल जायचा प्रश्न नाही, कारण पडायला उंचीच नाही. त्यांच्या पाठीत गोळी आहे, तरी रोज बोगद्यापर्यंत जाऊन येतात. त्यांची तुटलेली नळी जोडून दिली, आणि जोडता जोडता सगळी गाडी डोक्यात उतरवून घेतली.

एका ठिकाणी मात्र मी सुधारणा केली आहे. त्यांच्या पुढच्या नळीला क्लॅम्प आहे, म्हणजे बोल्ट सैल करून नळी माणसाच्या पायाप्रमाणं मागं-पुढं करता येते. मी तो ठेवला नाही. ज्याला आपल्या मापाचा भरवसा नसतो, तो क्लॅम्प लावतो. मी सरळ वेल्ड मारलं. बत्तीस वर्षं झाली, हेल्पर म्हणून सिलेंडर वाहत होतो तेव्हापासून. माझ्या हातचं वेल्ड कापायची पाळी कधी आली नाही.

माप मागितलं तर तुम्ही मेंढरांमागची काठीच पाठवलीत, "यात समदं हाय" म्हणून. बरोबर आहे. आपल्याकडं काठी ज्याच्या-त्याच्या हनुवटीएवढी तोडतात, हे मला कुणी शिकवायला नको. त्रेसष्ट इंच भरली. क्षणभर लांब वाटली. मग आठवलं, तुमच्या लग्नात ओढ्याला पाणी होतं आणि नवऱ्या मुलानं मला खांद्यावर बसवून पलीकडं नेलं होतं. तिथून सगळं वऱ्हाड केवढंसं दिसत होतं! हनुवटीवरून पायाची लांबी काढली आणि नळी ठोकली.

गाडी तीन तुकड्यांत एसटीनं जतला येईल, काठी सोबत आहे. जोडायचं असं. आधी सांगाडा उलटा ठेवा. पुढची दोन चाकं दोन बाजूंना. मागचं चाक चेनीत अडकवून मग आवळा. सीट शेवटी. ब्रेक दोन्ही उजव्या मुठीत दिलेत. मला यायला हवं होतं, पण गाळप सुरू व्हायच्या आत कारखान्याचं काम उरकायचं आहे. फोन केला तर तुम्ही माझा आवाज ऐकताच ठेवून देता. जीभ जड झाली तर झाली, मला तुमचं समजतं. पण तुमची मर्जी. पत्र तर पत्र.

ताईला नमस्कार.

आकाराम



कोळेवस्ती, ता. जत
३ ऑक्टोबर

चि. आकारामास आशीर्वाद.

गाडी पोचली. भामानं आन् राणीनं मिळून जोडली. चेन दोनदा उलटी बसली, तवा राणी म्हनली, "मामंजी, मेंढरांची लोकर कातरायला सोपी." तुझी भन तुझ्या नावानं शिव्या देत हुती पर हात काळं करत हुती.

झकास हाय. वस्तीवरची मानसं बघायला आली. केरबा म्हनला, "खाटंला चाकं लावल्यात की रं!" हसू दे.

आता खरी गोष्ट. धनाजी सांगलीहून आलता. तो तिकडं जेसीबीवर, भामाचं गुडघं गेलेलं, मी असा. कळप एकटी राणी बघती, ऐंशी नग. त्यानं व्यापारी ठरवलाय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी टेम्पो माळावर येनार. मी पाटीवर लिवलं, माझ्या जित्तेपणी न्हाई. तो चिडला न्हाई. चिडला असता तर बरं हुतं. म्हनला, "बाबा, एकदा तुमचं तुमी पवनचक्कीपतोर पोचून दाखवा. मग मी तोंड उघडनार न्हाई."

वस्तीपास्नं पहिली पवनचक्की अडीच किलोमीटर. शेवटाला चढ. एक म्हैना हाय.

सीट जरा म्होरं सरकंल का? जरासंच.

धुळा



सातारा,
८ ऑक्टोबर

ति. दाजी,

पोरगं अट घालतं याचा अर्थ त्याच्या मनात अजून जागा आहे. महिना भरपूर झाला. सुभेदार पहिल्या दिवशी फाटकापर्यंतही गेले नव्हते.

सीट सरकत नाही, तीही मी पक्की केली आहे. पाठीमागं गोधडीची घडी घाला, दोन बोटांचा फरक सहज पडेल. नव्या गाडीत अंग जुळायला वेळ लागतो. नवी चप्पल चावते तसं.

दुसरं, मला आवाज लिहून कळवा. चालताना पुढची चाकं चर्र चर्र करतात का? करत असतील तर ती एकमेकांकडं तिरपी झाली आहेत. दोन चाकांमधलं अंतर सुतळीनं पुढून मोजा, मग मागून मोजा. पुढून करंगळीच्या नखाएवढं कमी हवं, जास्त नको. आणि खट् खट् येत असेल तर चेन. आवाज नीट लिहा, बाकीचं मी इथं बसून सांगतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी चहा पिता पिता सांगतो.

राणीला म्हणावं एक फोटो पाठव, तुम्ही बसलेला. परवा तिनं पाठवला त्यात नुसती गाडी आणि एक कोंबडी होती.

आकाराम



कोळेवस्ती
१५ ऑक्टोबर

आकाराम,

आवाज चर्र न्हाई, खट् न्हाई. आवाज माझाच येतो, कन्हल्याचा.

एक गोधडी घातली. मग दोन. आता तीन हायत. बसलो की मी सीटवर न्हाई, गोधडीच्या ढिगावर हाय, आन् जोर लावला की खाली घसरतो. उजवा पाय कसातरी पोचतो. डाव्याचा पंजा पायडलला नुसता टेकतो आन् सुटतो. दोरीनं बांधला तर मांडी फाटल्यागत हुती.

तुरीच्या रानापतोर जातो. म्हंजी अर्धा किलोमीटर बी न्हाई. तिथनं भामा काठी टेकत येती आन् राणी धरून दोघीजनी मला ढकलत आनत्यात. परवा शाळंची पोरं मागं लागली. मी वरडलो. माझं वरडनं ऐकून ती भ्याली न्हाईत, हसली.

फोटू काढू देत न्हाई मी. माझं त्वांड एका अंगाला गेलंय.

गाडी चुकली म्हनत न्हाई. तू केलीस म्हंजी बरोबरच असंल. मीच चुकलोय. झटक्यानं पाय आखूड झाला असंल. तुझी मेहनत वाया गेली येवढंच वाईट वाटतं.

वासे आजबी मोजलं. पत्र लिवू नकोस आता.

धुळा



सातारा,
१९ ऑक्टोबर

दाजी,

पत्र लिहू नको म्हणालात, मी लिहितो आहे. राग आला तर फाडा.

झटक्यानं पायाचा जोर जातो, लांबी जात नाही. माप चुकलेलं असणं शक्य नाही. काठी मी तीनदा मोजली होती. मग चुकतंय काय? मी सांगतो. तुम्ही भिताय. ओढ्याच्या पाण्यात मला खांद्यावर घेऊन उतरणारा माणूस तुरीच्या रानात शाळेच्या पोरांना भितो! मला हे ऐकवत नाही. वर्कशॉपात नवा माणूस कानस धरतो तेव्हा त्याचाही हात दुखतो, तो म्हणत नाही की कानस लांब आहे.

सोबत टाचेसाठी एक वाडगा पाठवतोय. पाइप चिरून, तापवून वाकवलाय, आतून रबर लावलंय. पायडलला बसवा, टाच त्यात ठेवा, पट्टा आवळा. पाय सुटायचा प्रश्न येणार नाही. आणि रोज रेटा. दुखलं तर दुखू द्या. जोर लावा दाजी, बाकी काही नाही.

सोळा दिवस उरलेत. मी मोजतोय, तुम्हीही वाशांच्या ऐवजी ते मोजा.

आकाराम



कोळेवस्ती
२५ ऑक्टोबर

आकाराम मामांना राणीचा नमस्कार.

मी लिहिते आहे हे मामंजींना माहीत नाही. आत्यांना माहीत आहे, त्याच म्हणाल्या लिही.

तुमचं पत्र मामंजींनी उशाखाली ठेवलंय. काल उजाडता उजाडता कुणाला न उठवता ते बसले आणि निघाले. तुमचा वाडगा बसवला होता, पण पट्टा बांधला की पाय पुरत नाही, ओढ बसते, म्हणून त्यांनी पट्टा सोडला. उजव्या पायानं रेटत राहिले. डावा पाय वाडग्यातनं निसटला आणि गाडीखालून मागं ओढला गेला. त्यांच्या त्या पायाला काही कळत नाही मामा. तुरीच्या रानाच्या पुढं, विहिरीपर्यंत, टाच रस्त्यावर घासत होती आणि ते जात होते. मी कळप सोडायला निघाले तर रस्त्यावर रेघ दिसली. आधी वाटलं कुणाचं तरी तेल सांडलंय.

विहिरीपाशी बसलेले दिसले तर माझ्याकडं बघून हसले. पाटीवर लिहिलं, "आज लय लांब आलो." मी खाली बोट दाखवलं तेव्हा त्यांनी पाय बघितला.

मिरजेला नेलं. सात टाके पडले. आता भिंतीकडं तोंड करून पडलेत. जेवण आणलं की डोळे मिटतात. पाटी फोडून टाकली.

दुसरी गोष्ट सांगायची होती. परवा तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, त्यात काठी तीनदा मोजली असं होतं. मामंजींनी पत्र माझ्या हातातनं ओढून घेतलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. आज दोन्ही काठ्या शेजारी उभ्या केल्या तेव्हा कळलं. तुम्ही मोजली ती त्यांची काठी नाही. ती त्यांच्या वडिलांची, बिराप्पा आज्यांची. देवघराच्या कोपऱ्यात उभी असायची. आजे दारातनं वाकून आत यायचे म्हणतात. मामंजींची काठी श्रावणापासून माझ्याकडं आहे. दवाखान्यात नेताना त्यांनीच माझ्या हातात दिली, कारण आमच्या घरात ज्याच्या हातात काठी तो कळपाचा धनी. ती परत मागायची म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि ती माझ्याकडं आहे हे तुम्हाला कळू नये म्हणून दुसरी पाठवली असणार.

दोन्ही काठ्यांत सहा इंचाचा फरक आहे. मी शाळेच्या पट्टीनं मोजला.

मला कळप विकायचा नाही मामा. पण हे म्हणायचं कुणापुढं?

राणी



सातारा,
२९ ऑक्टोबर

दाजी,

राणीला रागवू नका. मला रागवा.

तिचं पत्र वाचून मी वर्कशॉप बंद केलं आणि शटरच्या आत बसून राहिलो. सहा इंच. सहा इंच म्हणजे काही नजरचूक नव्हे. काठी हातात घेतली तेव्हाच मला लांब वाटली होती, पहिल्या पत्रात तसं लिहिलंही आहे मी. मग मी लग्नातल्या ओढ्याचं कौतुक सांगितलं आणि पुढं गेलो. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आठ वर्षांच्या पोराला खांद्यावरून सगळंच उंच दिसतं.

तुम्ही काठी लपवलीत. मी काय लपवलं ते आता सांगतो. कारखान्याचं काम होतं हे खरं, पण एक रविवार निघाला असता. श्रावणात मी मिरजेला आलो होतो. ताईला सांगितलं, बस चुकली. बस चुकली नव्हती. मी वॉर्डाच्या दारापर्यंत आलो. पडद्याआड तुम्ही ताईला हाक मारत होता. "भामा" म्हणायचं होतं तुम्हाला. मी तिथं उभा राहून पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा ते निघालं नाही. माझे कान, ज्यांची मी एवढी फुशारकी मारतो, त्यांनी प्रत्येक अक्षर कुठं अडतंय ते ऐकलं. आणि मी जिना उतरून स्टँडवर गेलो. तेव्हापासून मी यंत्राचे आवाज विचारतो आहे, कारण तुमचा ऐकायची माझी छाती नाही.

आणि वर तुम्हाला लिहिलं की तुम्ही भिताय.

रविवारी भाऊबीज आहे. नऊ वर्षं मी ताईला साडी पोस्टानं पाठवतो. या वेळी मी येतो. गाडीला हात लावू नका. काही खात नसलात तरी पाणी प्या.

आकाराम



कोळेवस्ती
६ नोव्हेंबर

चि. आकारामास,

नवी पाटी राणीनं आनली. हे कागदावर लिवतो, पुसू नये म्हनून.

तू सोमवारी तांबडं फुटायच्या गाडीनं गेलास ते बरं केलंस. तू असतास तर ढकललं असतंस.

रविवारी भामानं तुला ओवाळलं आन् तू ताटात साडी ठेवायच्या आधी खिशातनं टेप काढलीस, तवा ती रडत रडत हसली. नऊ वर्सांत पयल्यांदा. तू मला भिंतीला पाठ लावून बसीवलंस, पाय लांब करून, शाळंतल्या पोरागत. टाचंपतोर माप घेतलंस. दोनदा. मग भाईर जाऊन करवतीनं नळी कापलीस, तवा मी खिडकीतनं बगत हुतो. तुजं त्वांड माझ्यापरीस वाकडं झालतं.

आतनं बारका पाइप घालून तारंनं आवळून दिलंस. वेल्डिंगवाला दिवाळीचा गावाला गेलेला, त्याला तू तरी काय करशील. पर बसल्याबरुबर मला कळलं. दोन्ही पाय पोचलं. गोधडी एक बी न्हाई. टाच बांधलेली हुती तरी पायडलनं पाय आपला म्हनून घेतला.

सोमवारी सातला निघालो. धनाजी मोटरसायकल बंद करून मागनं ढकलत चालत हुता. हात लावला न्हाई. तुरीचं रान गेलं. विहीर गेली. पाण्याची टाकी गेली, तिथं थांबून मी श्वास घेतला. मग चढ.

चढावर जोर लावला आन् तार फिरली. नळी एका अंगाला वळली, पायडल तिरकं. मी तसंच रेटलं. आनखी फिरली. टाचंतनं कापड भिजलं. धनाजी म्होरं येऊन बसला आन् म्हनला, "बाबा, बास. लय झालं." त्याचं डोळं भरलं हुतं. पर टेम्पो वर उभाच हुता.

पवनचक्की उरली दोनशे पावलं. मी मोजली न्हाईत, धनाजीनं मोजली.

पोचलो न्हाई आकाराम.

राणी कळप घेऊन खाली आली. व्यापारी आला. म्हनला, "चला, म्हाताऱ्यांनी बी बघून घेतलं, आता भरू." मी बोललो. पाटी न्हवती जवळ. तोंडानं बोललो, समद्यांच्या म्होरं. काठी म्हनायचं हुतं, काय निघालं द्येवाला ठावं. तो हसला, "काय म्हनत्यात?" मी राणीच्या हाताकडं बोट केलं. पोरीला कळलं. तिनं धनाजीकडं बघितलंच न्हाई, व्यापाऱ्यालाच म्हनली, "मामंजी म्हनत्यात, ज्याच्या हातात काठी, कळप त्याचा. आन् मी इकत न्हाई."

धनाजी म्हनला, "उन्हाळ्यात चारा कोन आननार?"

ती म्हनली, "आवं, श्रावणापास्नं कोन आनतंय?"

टेम्पो रिकामा गेला.

कळप ऱ्हायला. माझा न्हाई ऱ्हायला. तीन म्हैनं जे झाकून ठेवलं ते मीच माळावर उघडं केलं. परतताना धनाजीनं मला ढकलत आनलं, पोतं आनल्यागत. घरी येऊन आडवा झालो, वर बघितलं. माझ्या बाची काठी आता आढ्याला बांधलीय, म्हनून बावीस मोजून हुत्यात.

टाच भरायला तीन आठवडं म्हनत्यात डागतर. त्या दोनशे पावलांचं काय करायचं ते तू सांग.

धुळा



सातारा,
११ नोव्हेंबर

ति. दाजींना नमस्कार.

नवी नळी आजच्या एसटीनं पाठवली आहे. टाच भरेपर्यंत पाय थोडा आखडेल, नंतर थोडा सुटेल, असं सुभेदार सांगतात. त्यांचंही माप पहिल्या वर्षात तीनदा बदललं.

नळीला क्लॅम्प बसवला आहे, दोन बोल्टचा. दहा नंबरचा पान्हा सोबत आहे.

आकाराम